डोळ्याच्या खोबणीत कोंडलेला वारा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने थोडे दबूनच उभे राहावे. आपल्याच जिल्ह्यातील निफाड येथे १८४२ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील श्रोत्यांना या दिवसांत राज्यकारभारापासून वेदान्तापर्यंत सर्व काही ऐकण्याची सवय लागली. त्या परंपरेत आम्ही आज नाक शिंकरण्यावर बोलणार आहोत! पत्रिका वाचून आमच्या एका स्नेह्यांनी काल विचारलेही, "अहो, नाक शिंकरायला व्याख्यान कशाला हवे? रुमाल पुरे."

परंतु नाकाची गोष्ट नाशिकात सांगायची नाही, तर कोठे सांगायची? पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले आणि त्या नासिकेवरून या गावाला नाव मिळाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नवशिखरांवरून नाव पडले असे म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. नाक हा आपल्या गावाचा घरगुती विषय आहे, एवढेच आम्हांस म्हणायचे आहे. आणि या नाकाचा शेजारी जो डोळा, त्याला नाकापासून कधी कधी केवढा धोका पोहोचतो, हे आज आम्ही सांगणार आहोत.

आधी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका रुग्णालयात रात्रपाळीस होतो. द्राक्षांचा हंगाम होता. बागेतून घरी परतणारा एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण मोटारसायकल घसरून पडला होता, त्याला घेऊन त्याची आई आली. भुवईला खोक, गालावर खरचटलेले, नाकातून थोडे रक्त. दोन्ही डोळ्यांना स्पष्ट दिसत होते, शुद्ध चांगली होती. आम्ही खोक शिवली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणालो, "काही नाही, दोन दिवसांत सूज उतरेल." मायलेक निघून गेली. आम्ही पुढच्या रोग्याकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकात साकळलेले रक्त चोंदल्यासारखे वाटू लागले म्हणून तो मोरीवर गेला आणि जोराने शिंकरला. त्याच क्षणी उजव्या डोळ्याची पापणी फुग्यासारखी टरारून फुगली व डोळा मिटला. आरसा पाहून पोरगा घाबरला. कोणी म्हणाले, गांधीलमाशी चावली. कोणी म्हणाले, शेक द्या. घरातल्या एका जाणत्याने सल्ला दिला, की आत रक्त साठले आहे, ते शिंकरून बाहेर काढ म्हणजे सूज ओसरेल. तो सल्ला मानून पोरगा दिवसभर शिंकरत राहिला, आणि प्रत्येक वेळी सूज वाढत गेली. संध्याकाळी तो पुन्हा आमच्यापुढे आला तेव्हा डोळा बाहेर ढकलला गेला होता, बोटाला दगडासारखा कठीण लागत होता, आणि तासाभरापासून त्या डोळ्याला अंधुक दिसू लागले होते.

त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. आधी हे झाले कसे, ते पाहिले पाहिजे.

कवटीत डोळा ज्या हाडांच्या खळग्यात बसतो, त्याला आपण खोबण म्हणतो. ही खोबण पुढे रुंद आणि मागे निमुळती असते. तिच्यात साधारण ३० मिलिलिटर जागा. त्यात डोळ्याचा गोळा जेमतेम ७ मिलिलिटरचा. उरलेल्या जागेत डोळा फिरविणारे सहा स्नायू, रक्तवाहिन्या, मेंदूकडे जाणारा दृष्टीचा ज्ञानतंतू, आणि या सर्वांना सांभाळणारी मऊ चरबी. जुन्या वाड्यातील माजघर जसे चहूकडून इतर खोल्यांनी वेढलेले असते, तशी ही खोबण आहे. तिच्या आढ्यावर मेंदू राहतो. बाहेरची भिंत जाड व भक्कम आहे. ठोसे तीच झेलते. जमिनीखाली गालाच्या हाडातील पोकळी आहे. आणि नाकाच्या बाजूची जी आतली भिंत, तिच्यापलीकडे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्प्याकप्प्यांचे हाड आहे. हे कप्पे आणि गालातील पोकळी यांत हवा खेळत असते, आणि ती हवा नाकातून येते-जाते. सर्दीत ज्यांचे तोंड बंद होऊन डोके जड होते, त्या सायनस नावाच्या पोकळ्या याच.

आता ही आतली भिंत किती जाड असावी, असे तुम्हांस वाटते? शरीरशास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी 'कागदी पत्रा' असा आहे. तिची जाडी एका मिलिमीटरच्या दोन ते चार दशांशांएवढी, म्हणजे टपालाच्या कार्डाएवढी. खालची जमीनही काही फार जाड नाही. दृष्टीसारखे रत्न ठेवायचे आणि शेजारच्या वाऱ्याच्या खोलीशी कार्डाची भिंत घालायची, हा निसर्गाचा हलगर्जीपणा वाटेल. परंतु त्यातही एक सोय आहे, असे तज्ज्ञ मानतात. डोळ्यावर समोरून चेंडू किंवा मूठ आदळली म्हणजे खोबणीतील दाब एकदम वाढतो. तो दाब कोठेतरी बाहेर पडलाच पाहिजे. अशा वेळी ही पातळ भिंत फुटते, म्हणून पुष्कळदा डोळा फुटत नाही. १९५७ साली बायरन स्मिथ व विल्यम रेगन या अमेरिकन शल्यवैद्यांनी अशा मोडीला जे नाव दिले, ते आजही जगभर चालते. काठ शाबूत राहतो आणि आतली भिंत उडते, असा त्या नावाचा आशय.

भिंत फुटली म्हणजे नाकाकडची हवा आणि डोळ्याकडची चरबी यांच्यामध्ये एक खिंडार पडते. केवळ खिंडार पडल्याने मोठे संकट येतेच असे नाही. कित्येकांना आपले हाड मोडले आहे हे कळतही नाही. संकट येते ते नाक शिंकरल्यावर. आपण दोन्ही नाकपुड्या दाबून छातीतला वारा जोराने ढकलतो, तेव्हा नाकात किती दाब तयार होतो हे अमेरिकेतील जॅक ग्वाल्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून २००० साली प्रसिद्ध केले. शिंकरताना तो सरासरी ६६ मिलिमीटर पाऱ्याइतका भरला. मौज अशी, की शिंकताना आणि खोकताना तो १० मिलिमीटरपेक्षाही कमी होता. शिंकेचा आवाज मोठा. परंतु तोंड उघडे असल्यामुळे तिचा जोर बाहेर निघून जातो. शिंकरण्याला मात्र आपणच दार लावून घेतो. निरोगी डोळ्याच्या आतला दाब १० ते २१ मिलिमीटर असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ६६ या आकड्याचे वजन कळते.

यात आणखी एक खुबी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली असेल. पंपाचा दट्ट्या दाबला की हवा आत जाते, परंतु दट्ट्या वर ओढला तरी ती परत येत नाही, कारण मध्ये व्हॉल्व्ह असतो. मोडलेल्या भिंतीवरचे नाकाचे अस्तर फाटून लोंबते, किंवा खोबणीतली चरबी त्या भोकावर येऊन बसते. बाहेरून जोर आला की ते बाजूला होते. जोर संपला की पुन्हा भोकावर चिकटते. झाला व्हॉल्व्ह तयार! मग प्रत्येक शिंकर म्हणजे पंपाचा एक एक दट्ट्या. त्या तरुणाने दिवसभर केले ते हेच. सूज उतरविण्यासाठी म्हणून तो बिचारा स्वतःच्याच डोळ्यामागे हवा भरीत होता.

ही सूज ओळखावी कशी? मार लागल्यावर रक्त साकळून येणारी सूज हळूहळू वाढते, काळीनिळी पडते, दुखते. हवेची सूज शिंकरताक्षणी, डोळ्यादेखत येते. तिचा रंग पुष्कळदा बदलतही नाही. आणि पापणीवर हलकेच बोट ठेवले तर आत बारीक बुडबुडे सरकल्यासारखी कुरकुर जाणवते. चिवड्याच्या पुडीवर बाहेरून बोट दाबावे तशी! हे चिन्ह जुन्या वैद्यांनाही बोटानेच सापडे. रंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले, त्यानंतर ही हवा चित्रातही दिसू लागली. क्ष-किरणांच्या छायाचित्रात खोबणीच्या वरच्या अंगाला साचलेली हवा काळी कमान होऊन उमटते आणि रोग्याला जणू काजळाची भुवई रेखली आहे असे वाटते. डॉक्टर त्याला 'काळी भुवई' असेच म्हणतात. पुढे १९७१ साली इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रोग्याचे सीटी स्कॅन झाले. आता कोणती भिंत किती फुटली आणि हवा नेमकी कोठे बसली आहे, हे काही मिनिटांत कळते. हाउन्सफिल्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच उपकारांसाठी.

आता तुम्ही घाबरण्यापूर्वी आम्ही समाधानाची गोष्ट सांगून टाकतो. अशा रोग्यांपैकी बहुतेकांना काहीही करावे लागत नाही. हवा भरणे थांबविले की आत गेलेली हवा शरीर आपण होऊन शोषून घेते. आठवडा-दोन आठवड्यांत डोळा पूर्ववत होतो. भीती आहे ती थोड्या लोकांना, पण त्यांची भीती मोठी आहे. खोबण ही हाडांची पेटी. ती फुगू शकत नाही. हवा वाढत गेली तर डोळा पुढे ढकलला जातो, मागचा ज्ञानतंतू ताणला जातो, आणि डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरविणारी शीर दबून बंद पडते. पडदा रक्तावाचून साधारण दीड तास तग धरतो, असे मानतात. त्यानंतर गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. म्हणून येथे हिशेब घड्याळाचा असतो.

धोक्याच्या खुणा प्रत्येक घरात पाठ असाव्यात. मार लागलेल्या डोळ्याने अंधुक दिसू लागणे. लाल रंग फिका, मळकट वाटणे. एकाच्या दोन वस्तू दिसणे. डोळा बाहेर आल्यासारखा किंवा दगडासारखा घट्ट होणे. डोळा हलविताना फार दुखणे. यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. तिचा उपयोग करावा. मुलांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. मुलांचे हाड लवचीक असल्यामुळे ते मोडून पुन्हा मिटते आणि चिमट्यात सापडावा तसा डोळ्याचा स्नायू त्यात अडकतो. अशा मुलाचा डोळा पांढरास्वच्छ दिसतो, सूजही नसते. परंतु वर पाहायला सांगितले की मूल ओकते, घामाघूम होते, नाडी मंदावते. आईबापांना वाटते, पोट बिघडले आहे. खेळताना डोळ्यावर मार लागलेले मूल ओकू लागले, तर त्याला ओवा देत घरी बसवू नये.

मार लागल्यावर घरी काय करावे, तेही सांगतो. नाक शिंकरू नये, हे पहिले. किती दिवस? डॉक्टर मोकळीक देईपर्यंत. हाड मोडले असेल तर हा काळ काही आठवड्यांचा असतो. नाकातून आलेले पाणी वा रक्त बाहेरून पुसावे. शिंक आली तर ती नाक दाबून गिळू नये. तोंड उघडून शिंकावे. निजताना उशीला उशी लावून डोके उंच ठेवावे. ज्यांना तपकिरीची सवय आहे त्यांनी डबी लांब ठेवावी. जलनेती व कपालभाती करणाऱ्यांनी, शंख फुंकणाऱ्यांनी, सनई-बासरी वाजविणाऱ्यांनी तेवढे दिवस नेम मोडावा. देव रागावणार नाही. रामकुंडावर सूर मारू नये. सूज चोळू नये, दाबून पाहू नये, सुईने टोचू तर मुळीच नये. आणि विमानाचा प्रवास टाळावा. ओझरहून विमान उडाले की आतल्या हवेचा दाब उतरतो. प्रवासी कक्षातील दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या डोंगरमाथ्याएवढा होऊ शकतो, आणि समुत्सपाटीवर एक वाटी असलेली कोंडलेली हवा तेथे जवळजवळ सव्वा वाटीच्याही वर जाते. खोबणीत तेवढी जागा कोठून आणायची?

हवा केवळ नाकातूनच शिरते असे नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारी पुष्कळ मंडळी येथे असतील. कंप्रेसरच्या नळीतून येणाऱ्या वाऱ्याचा दाब शिंकरण्याच्या कित्येक पट असतो. त्या नळीने कपड्यांवरची धूळ उडविणे, थट्टेने सोबत्याच्या तोंडावर वारा सोडणे, हे प्रकार आम्ही पाहिले आहेत. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा खरचटीतूनही हा वारा आत घुसतो आणि गाल, मान यांपर्यंत जाऊन पोहोचतो. थट्टा एका क्षणाची असते. भोग जन्माचा होऊ शकतो.

या सर्वाचे मूळ पाहू गेले तर रस्त्यावरच सापडते. आमच्याकडे मोडलेल्या चेहऱ्यांचे जे लोक येतात, त्यांतले पुष्कळ दुचाकीवरून आलेले असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १२९ व्या कलमाने शिरस्त्राण सक्तीचे केले आहे. आपल्या नाशकात तर २०२१ साली स्वातंत्र्यदिनापासून 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी मोहीमही निघाली होती. त्या दिवसांत पंपावर शेजाऱ्याचे हेल्मेट उसने घेऊन पेट्रोल भरणारे महाभागही निघाले! त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की हेल्मेट उसने मिळते, डोळा मिळत नाही. आणि डोक्यावर टोपीसारखे बसणारे अर्धे हेल्मेट मेंदूला राखील, परंतु गाल आणि डोळ्याची खोबण उघडीच ठेवील. घ्यायचेच तर हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे घ्यावे.

येथे आम्हांस आपल्याच मुलखातील एक जुनी हकिकत आठवते. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा बैल हाकीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले, १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ती हकिकत छापून आली, आणि ती वाचून पुढे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. सुश्रुताने सांगितलेली विद्या आमच्या कुंभारा-वीटकऱ्यांनी जपली आणि तीवरून पश्चिमेने धडा घेतला. या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे.

परंतु या अभिमानातून एक विचारही निघतो. कापलेले नाक अडीचशे वर्षांपूर्वी आपल्याला परत करता येत होते. आज मोडलेली भिंत धातूच्या बारीक जाळीने सांधता येते. जबडा, गाल, भुवई, सारे परत उभारता येते. परंतु वेळेवर सोडविला नाही आणि चेंगरून मेला, असा दृष्टीचा ज्ञानतंतू परत जिवंत करणारा कारागीर पुण्यातही झाला नाही आणि लंडनातही झाला नाही. जेथे माणसाची कला संपते, तेथे माणसाची काळजी सुरू झाली पाहिजे. आणि ही काळजी यंत्रांची नव्हे, एका वाक्याची आहे.

आता त्या तरुणाची गोष्ट पुरी करू. त्या संध्याकाळी आमचे वरिष्ठ शल्यवैद्य घरी निघाले होते, ते जिन्यातून परत फिरले. त्यांनी पिचकारीत पाणी घेतले, तिचा दट्ट्या काढून टाकला, आणि सुई बेताने खोबणीत घातली. पाण्यातून बुडबुडे वर येऊ लागले. एक, दोन, मग सरसर पुष्कळ. डोळा मऊ पडला. थोड्या वेळाने त्यांनी पोराला खोलीतली लाल बादली दाखवून रंग विचारला. तो म्हणाला, "लाल. मघाशी मातकट दिसत होती." आम्हा सर्वांचा श्वास मोकळा झाला. हवा रोग्याची निघाली होती, पण हलके आम्हांस वाटले.

तेवढ्यात त्याची आई आमच्याजवळ आली. रागावून नव्हे, अगदी हळू आवाजात म्हणाली, "साहेब, नाक शिंकरू नको, एवढंच काल सांगितलं असतं, तर माझ्या पोरानं दिवसभर नाक धरून ठेवलं असतं."

या बोलण्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. खोक आम्ही नीट शिवली होती, औषधे बरोबर लिहिली होती. चार शब्द तेवढे राहून गेले होते. घाई होती, रोगी पुष्कळ होते, हे सर्व खरे. परंतु त्या चार शब्दांना एक श्वाससुद्धा लागला नसता. त्या दिवसापासून चेहऱ्याला मार लागलेला रोगी आमच्या दारातून बाहेर जाताना आम्ही त्याला थांबवितो आणि घरच्या माणसासमोर ते वाक्य त्याच्याकडून वदवून घेतो. काही लोक हसतात. हसोत.

गोदाकाठच्या या सभेतून आज घरी जाताना तुम्ही दुसरे सर्व विसरलात तरी चालेल. खोबणीची मापे, पाऱ्याचे आकडे, साहेबांची नावे परीक्षेला येणार नाहीत. परंतु उद्या तुमच्या आळीत कोणी पडले, कोणाला चेंडू लागला, कोणाच्या गालावर मूठ बसली, तर त्याला पाणी देण्याआधी तुम्ही सांगा: "बाबा रे, नाक शिंकरू नकोस." एवढे तुम्ही केलेत, तर त्या माउलीचे आमच्यावर जे देणे राहिले आहे, त्यातला थोडा भाग तुमच्या हातून फिटेल.